पाण्याची बाही

डोव्हरचं बंदर मागे पडू लागलं तशी बोटीवरच्या भोंग्यातून सूचना आली. आधी इंग्रजीतून, मग फ्रेंचमधून. इंग्रजी सूचनेतला 'चॅनल' हा शब्द मी पकडला. फ्रेंचमधलं मला काहीच कळलं नाही, पण शेजारी बसलेल्या माझ्या नातवानं एक शब्द ऐकल्याबरोबर माझ्या स्वेटरची बाही ओढली. नातू म्हणजे भाचीचा मुलगा, सात वर्षांचा. उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात वाढतोय. घरी मराठी, शाळेत फ्रेंच.

"आजी, मांश म्हणजे हे," माझी बाही धरून तो म्हणाला. मग काचेबाहेर बोट दाखवलं. "आणि मांश म्हणजे ते पण."

बाहेर नुसतं राखाडी पाणी होतं. मी भाचीकडे पाहिलं.

"बरोबर सांगतोय तो, मावशी," ती म्हणाली. "बाहीला फ्रेंचमध्ये मांश म्हणतात. आणि या समुद्राचं नावही तेच, ला मांश. फ्रान्समध्ये याला इंग्लिश चॅनल कुणी म्हणत नाही."

आयुष्यभर मी या पाण्याला 'इंग्लिश खाडी' म्हणत आले. शाळेच्या पुस्तकात तसंच होतं, पेपरातही तसंच यायचं. पण पलीकडच्या काठावर फ्रान्स आहे हे नकाशात बघूनही, तिथली माणसं या पाण्याला काय म्हणत असतील हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एका मुलानं बाही ओढली तेव्हा पडला, आणि मग त्या सबंध सुट्टीत त्यानं माझी पाठ सोडली नाही.

त्याला एक कारण आहे. माझी आई चिपळूणला ब्लाउज शिवायची. आमच्या घरात बाही हा शब्द दिवसातून वीस वेळा कानावर पडे. जुना पेपर जमिनीवर अंथरायचा, त्यावर कापड, आणि हातात निळा नाहीतर पांढरा खडू. पाठ काय, पुढचा भाग काय, कुणालाही बेतता येतो, असं आई म्हणायची. बाही बेतता आली पाहिजे. वरती मुंढ्याची गोलाई, तिथे कापड ऐसपैस, आणि खाली येता येता निमुळतं. पुढच्या बाजूनं मुंढा जरा जास्त खोल काढायचा, कारण माणसाचा हात पुढे येतो, मागे फारसा जात नाही. कापड दुमडून दोन्ही बाह्या एकदम कापल्या की एक डावी आणि एक उजवी मिळते. सुट्या कापताना कापड उलटं करायचं विसरलं की दोन्ही एकाच हाताच्या होतात. मी तेरा-चौदा वर्षांची असताना शेजारच्या काकूंच्या खणाच्या दोन्ही बाह्या अशा उजव्या हाताच्या कापल्या होत्या. आई रागावली नाही. तिनं त्या दोन बाह्या समोरासमोर ठेवल्या आणि म्हणाली, आता नीट बघ.

त्या रात्री लीलला पोचल्यावर भाचीकडून नकाशा मागून घेतला आणि तसंच नीट बघितलं. पश्चिमेला एका अंगाला इंग्लंडचं कॉर्नवॉल, दुसऱ्या अंगाला फ्रान्सचं ब्रिटनी, आणि त्यांच्यामध्ये पाणी ऐसपैस. तिथून पूर्वेकडे येता येता ते आवळत जातं आणि डोव्हर-कॅलेपाशी मनगटाएवढं होतं. लांबी सुमारे ५६० किलोमीटर. सगळ्यात रुंद जागी सुमारे २४०, आणि मनगटापाशी ३३. मध्येच फ्रान्सचा एक तुकडा, कोतांतँचं द्वीपकल्प, वर घुसलाय. कोपर वाकवल्यावर बाहीला चुणी पडते ना, अगदी तसा. त्या तुकड्यावर जो जिल्हा आहे त्याचं नावच 'मांश'. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये देशाचे नवे विभाग पाडले, तेव्हा जुनी सरंजामी नावं टाकून नद्या, डोंगर, समुद्र यांची नावं दिली, आणि या जमिनीच्या वाट्याला पाण्याचं नाव आलं. तिथली माणसं पत्रावर पत्ता घालतात तो बाहीचा.

आई हा नकाशा बघती तर तिला कुणी सांगावं लागलं नसतं.

खरं तर इंग्रजांनाही ही बाही एकेकाळी दिसली होती. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजी लिखाणात या पाण्याला 'स्लीव्ह' म्हणजे बाहीच म्हटलेलं सापडतं. 'नॅरो सीज', अरुंद समुद्र, हे तर फारच रुळलेलं होतं. त्याआधी रोमन काळापासून लॅटिनमध्ये हा 'ब्रिटिश महासागर' होता. सहाव्या-सातव्या शतकातला सेव्हिलचा बिशप इसिडोर त्याला 'गॉलचा महासागर' म्हणतो, म्हणजे फ्रान्सच्या बाजूचा. आणि 'इंग्लिश चॅनल' हे नाव? ते बहुधा इंग्रजांनी स्वतः काढलेलंच नाही. सोळाव्या शतकापासूनच्या डच सागरी नकाशांवर 'एंगल्से कानाल' असं लिहिलेलं येतं आणि तिथून ते इंग्रजीत उतरलं असं मानतात. सर्रास वापरात यायला अठरावं शतक उजाडलं. डच खलाशाच्या दृष्टीनं ते नाव सोयीचं होतं. अॅमस्टरडॅमहून निघून स्पेनकडे किंवा आपल्या हिंदुस्थानाकडे जायचं तर ही इंग्लंडलगतची पन्हळ ओलांडावी लागायची. त्याला जाण्याची वाट हवी होती आणि वाटेवरची खूण हवी होती. मालकी त्याच्या मनातही नसेल.

मालकी नंतर चिकटली. आणि चिकटली ती चांगलीच. सतराव्या शतकात इंग्लंडचं म्हणणं असं की या समुद्रांत आमच्या आरमाराचं जहाज दिसलं की परक्या जहाजानं आपलं निशाण उतरवून सलामी द्यायची. १६५२ च्या मे महिन्यात डोव्हरजवळ डच अॅडमिरल ट्रोम्पनं निशाण उतरवायला वेळ लावला म्हणून इंग्रज सेनापती रॉबर्ट ब्लेकनं तोफा डागल्या, आणि त्यातून इंग्लंड-हॉलंडचं पहिलं युद्ध पेटलं. डचांना दोन वर्षांनी झालेल्या तहात ती सलामी मान्य करावी लागली. ज्यांच्या नकाशावरून नाव आलं त्यांनाच त्या नावापुढे निशाण खाली घ्यावं लागलं, हे वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

बाहीसाठी आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, अस्तनी. तो आता बहुतेक 'अस्तनीतला निखारा' एवढ्यापुरताच उरलाय. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी शेकडो वर्षं एकमेकांकडे तसंच पाहिलं. समोरचं कॅले १३४७ पासून १५५८ पर्यंत, म्हणजे दोनशे अकरा वर्षं, इंग्रजांच्या ताब्यात होतं. मनगटाच्या त्या अरुंद भागाला इंग्रज डोव्हरची सामुद्रधुनी म्हणतात, फ्रेंच म्हणतात 'पा द कॅले', कॅलेची वाट. ज्यानं त्यानं आपापल्या गावाचं नाव दिलं.

इथे मला माझं आजोळ आठवतं. आजोळ धोपाव्याचं, वाशिष्ठीच्या मुखाशी. समोर दाभोळ. आता तिथे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आहे, माझ्या लहानपणी साधी तर होती. आम्ही धोपाव्याच्या काठावर राहून त्या पाण्याला 'दाभोळची खाडी' म्हणायचो. समोरच्या काठाचं नाव. दाभोळ जुनं मोठं बंदर, त्यामुळे पाण्यावर त्याचं नाव पडलं आणि आमच्याकडच्या कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. आजी तर नुसतं 'खाडी' म्हणायची. खाडीवर जाऊन येते. खाडीचं पाणी चढलंय. दुसरी खाडी असू शकते हेच तिच्या हिशेबात नव्हतं.

म्हणून मला आपला 'इंग्लिश खाडी' हा शब्द आता फार जवळून बघावासा वाटतो. खाडी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. भरतीला समुद्र नदीत शिरतो आणि ओहोटीला चिखल उघडा टाकून परत जातो ती जागा. कांदळवन, तिसऱ्या, कालवं, बगळे. हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढं अंतर. आणि हा शब्द मराठीनं लावला तो अरुंद जागीही ३३ किलोमीटर रुंद असलेल्या, थंडगार, वादळी समुद्राला. बंगालच्या वाट्याला उपसागर आला, इराणच्या वाट्याला आखात, आणि जिथे सामुद्रधुनी हा शब्द हाताशी होता तिथे मात्र खाडी. शब्द म्हणून तो चूक आहे असं भूगोलाचा कुणी शिक्षक म्हणेल आणि त्याचं बरोबरच असेल. पण मला तो सोडवत नाही. 'इंग्लिश' हे राज्यकर्त्यांच्या पुस्तकातून आलं, ते आपण मुकाट्यानं घेतलं. 'खाडी' मात्र आपली. अख्खा परका समुद्र आपण ओळखीच्या पाण्यात आणून सोडला.

आणि आपल्या माणसांनी तो पोहून पार केला. पेपरातल्या त्या बातम्या अजून डोळ्यांपुढे आहेत. १९५८ च्या सप्टेंबरात मिहीर सेन पोहून गेले, ते असं करणारे पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी, १९५९ च्या सप्टेंबरात, आरती साहा, पहिल्या आशियाई महिला. या दोघांची नावं आम्हाला सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ असायची. १९९४ मध्ये मुंबईची रूपाली रेपाळे अवघ्या बाराव्या वर्षी पोहली तेव्हा आईनं शिवणयंत्र थांबवून बातमी दोनदा वाचायला लावली होती. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर पुढे अशा सात अवघड समुद्रांची मालिकाच २०१८ मध्ये पुरी केली, आणि तो मान मिळवणारे ते पहिले आशियाई ठरले.

या पोहण्याचे नियम भाचीनं मला वाचून दाखवले. अंगात साधा पोहण्याचा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा. सोबतच्या बोटीला हात लावायचा नाही. बोटीवरून खाणंपिणं मिळतं तेही बोटीला न शिवता घ्यायचं. अंगाला ग्रीस चोळलेलं चालतं. आणि पोशाखाला बाह्या नसाव्यात. या बाहीत उतरायचं ते बिनबाह्यांनी. सुरुवात डोव्हरच्या बाजूला, शेवट फ्रान्सच्या काप ग्री-ने या टोकाच्या आसपास. सरळ रेघ ३३ किलोमीटरची, पण पाणी आधी एकीकडे ओढतं, सहा तासांनी दुसरीकडे, त्यामुळे पोहणाऱ्याची वाट नागमोडी होते आणि अंतर कितीतरी वाढतं. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्यांना २१ तास ४५ मिनिटं लागली. पलीकडे पोचल्यावर पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन कोरड्यावर उभं राहायचं, तेव्हा ते पोहणं पुरं. म्हणजे माणूस इंग्लिश खाडीत उतरतो आणि ला मांशमधून बाहेर पडतो. मधे कुठल्या हातापाशी नाव बदललं हे त्याला कळत नाही. पाणी तर तेवढंच गार असतं.

आम्हाला बोटीवर मात्र कळलं होतं. अर्ध्या वाटेत भाचीच्या मोबाईलवर संदेश आला, फ्रान्समध्ये स्वागत, आणि घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं. नातवानं ते टिपलं आणि काचेला नाक लावून बघत राहिला. रेघ कुठे आहे ते त्याला बघायचं होतं. रेघ आहे, कागदावर. दोन्ही देशांची सागरी हद्द बारा-बारा सागरी मैलांची, आणि सामुद्रधुनीची रुंदी त्यांच्या बेरजेपेक्षा कमी. म्हणून १९८८ मध्ये दोघांनी करार करून इथे मधली रेघ आखली. मनगटापाशी कुणाचंच नाही असं पाणी शिल्लक नाही.

त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी दिवसाला चारशेच्या वर जहाजं जातात. एवढी गर्दी की रस्त्यासारख्या दोन मार्गिका ठरवून दिल्यात, आणि जहाजं उजवीकडून चालतात. उत्तर समुद्राकडे निघालेली जहाजं फ्रान्सच्या अंगानं, अटलांटिककडे निघालेली इंग्लंडच्या अंगानं. ३०० टनांच्या वरच्या जहाजानं रेडिओवर हजेरी लावायची, वर जाणाऱ्यानं ग्री-नेच्या फ्रेंच केंद्राला, खाली येणाऱ्यानं डोव्हरच्या इंग्रज केंद्राला. या सगळ्या व्यवस्थेचं एकच नाव आहे, कॅलडोव्हरेप. कॅलेचं 'कॅल', डोव्हरचं 'डोव्ह', आणि हजेरीचं 'रेप'. या पाण्यावरच्या सगळ्या नावांत मला सगळ्यात विश्वासाचं वाटलेलं नाव हे. दिसायला ओबडधोबड, पण दोन्ही गावं त्यात शेजारी बसलीत, आणि ते सत्तेसाठी केलेलं नाही. जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून केलेलं आहे.

हवामानाच्या बातम्यांत मात्र पुन्हा दोन घरं. ब्रिटिश रेडिओवर खलाशांसाठी हवामान सांगतात तेव्हा या पाण्याचे भाग होतात डोव्हर, वाइट, पोर्टलंड, प्लिमथ. सगळे त्यांच्या काठाचे. फ्रेंच हवामान खातं साधारण त्याच पाण्याला म्हणतं पा द कॅले, आंतिफेर, कास्के, उएसाँ. वारा एकच. तो वाइटवरून सुटतो आणि आंतिफेरला लागतो. भाचीनं मला दोन्ही याद्या मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि दोन्ही ऐकायला सुंदर वाटल्या, आपल्याकडे गावदेवीला गाऱ्हाणं घालताना एकेका स्थळाचं नाव घेतात तशा. माणसं बाहेर पाण्यावर असताना नावं घेतली जातात, त्यात काहीतरी राखणदारी असते.

बेटांचं अजून निराळं. जर्सी, गर्न्सी ही बेटं फ्रान्सच्या काठाला चिकटून आहेत, पण आहेत इंग्लंडच्या राजाची. इंग्रजीत ती नुसती 'चॅनल आयलंड्स'. फ्रेंचमध्ये त्यांना म्हणतात 'आंग्ल-नॉर्मन बेटं'. समुद्राला 'इंग्लिश' म्हणायला तयार नसलेली भाषा बेटांना मात्र ते विशेषण स्वतःहून लावते, आणि इंग्रजी ते गाळते. या बेटांवर अजून राजाला 'आमचा ड्यूक' म्हणायची रीत आहे, नॉर्मंडीचा ड्यूक, नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या नात्यानं. तिथल्याच मिंकिए आणि एक्रेओ या खडकाळ बेटांच्या पुंजक्यांवरून दोन देश हेगच्या न्यायालयात गेले होते. १९५३ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला.

ब्रिटनीतले ब्रेटन लोक आपल्या भाषेत या पाण्याला 'मोर ब्रेझ' म्हणतात, ब्रिटनीचा समुद्र. त्यांचे पूर्वज समोरच्या बेटावरूनच पाणी ओलांडून आले आणि येताना आपल्या मुलखाचं नाव बरोबर घेऊन आले. जर्मनांनी दोन्ही जोडून 'बाहीचा चॅनल' केला. इटालियनमध्येही बाहीच. स्पॅनिशमध्ये बाहीला 'मांगा' म्हणतात, पण समुद्राचं नाव झालं 'मांचा', आणि मांचा म्हणजे डाग. ऐकताना एक अक्षर सरकलं आणि बाहीवर कायमचा डाग पडला.

एवढं सगळं वाचल्यावर मी भाचीला म्हटलं, मला इथल्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. म्हणून आम्ही बुलोनला गेलो. फ्रान्सचं मासेमारीचं मोठं बंदर. धक्क्यावर मासे विकणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. एका बाईच्या पाटीत मासे होते, अगदी आपल्या बांगड्याचे भाऊबंद. पाठीवर निळसर हिरवे पट्टे, पोट चांदीचं. मी कल्ला उचलून बघितला तशी ती बाई हसली. तिला कळलं असावं. भाचीनं विचारलं, या समुद्राला तुम्ही घरी काय म्हणता? बाईनं मासे तराजूत टाकले, वजन बघितलं, कागदात गुंडाळले आणि म्हणाली, "ला मेर."

"समुद्र म्हणतात," भाची म्हणाली.

आजीच्या 'खाडीवर जाऊन येते'ची मला तिथे फार आठवण आली.

पण नाव नसलं तरी रेघ असते, आणि त्या रेघेचं मला जे कळलं ते इथे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २४ नोव्हेंबर २०२१ च्या पहाटे या सामुद्रधुनीत एक हवा भरलेली रबरी बोट बुडाली. आपापला देश सोडून इंग्लंडला निघालेली माणसं होती, बायका आणि मुलंही. किमान २७ जण मेले. बोटीवरून त्यांनी दोन्ही बाजूंना मदतीसाठी फोन केले होते. फ्रान्सच्या केंद्रातून त्यांना सांगण्यात आलं की तुम्ही इंग्लंडच्या पाण्यात आहात. दोन्ही देशांत यावर चौकशा झाल्या. 'इंग्लंडचं पाणी' हे शब्द मी नकाशावर वाचते तेव्हा ते एक जुनं नाव असतं. अंधारात, कमरेपर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाला ते ऐकू येतात तेव्हा काय होत असेल याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या देशातल्या, चौथ्या भाषेत बोलणाऱ्या त्या माणसांकडे या पाण्यासाठी कुठलं नाव होतं, कुणास ठाऊक.

सागरी नकाशांचे जागतिक नियम ठरवणारी संघटना मोनॅकोला आहे. तिनं १९७४ मध्ये एक ठराव केला. एखादी सामुद्रधुनी किंवा उपसागर दोन देशांचा सामाईक असेल आणि नावं वेगळी असतील, तर आधी एका नावावर यायचा प्रयत्न करावा. नाही जमलं तर नकाशावर दोन्ही नावं लिहावीत. त्या ठरावात उदाहरण दिलंय ते याच पाण्याचं, मधे तिरकी रेघ देऊन, इंग्लिश चॅनल आणि ला मांश. जगात इतरत्र समुद्रांच्या नावांवरून देश हमरीतुमरीवर येतात, कोरिया आणि जपान आजही भांडतायत. इथे मात्र शतकानुशतकं एकमेकांवर बाह्या सरसावलेल्या दोन देशांनी नावापुरतं तरी एकमेकांना आहे तसं राहू दिलं. हे मला थोडं वाटत नाही.

परतीच्या आधी एक दिवस आम्ही काप ब्लाँ-नेला गेलो. कॅलेच्या थोडं पश्चिमेला. पांढऱ्या खडूचा १३४ मीटर उंच कडा. हवा स्वच्छ होती आणि समोर डोव्हरचे पांढरे कडे दिसत होते, पाण्यावर ओढलेल्या एका रेघेसारखे. दोन्हीकडचा खडू एकच आहे. लाखो वर्षांपूर्वी इथे खडूचा सलग डोंगर होता आणि इंग्लंड जमिनीनं युरोपला जोडलेलं होतं. मागे साचलेल्या प्रचंड तळ्याच्या पाण्यानं तो डोंगर फोडला. पुढे हिमयुग संपून समुद्र चढला, तेव्हा सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी शेवटची जमीनही पाण्याखाली गेली. खाली खडू अजून सलगच आहे. त्यातल्याच एका मऊ थरातून दोन्हीकडच्या कामगारांनी बोगदा खणला. १ डिसेंबर १९९० ला मधे भोक पडलं आणि एक फ्रेंच आणि एक इंग्रज कामगार त्यातून हात घालून एकमेकांना भेटले. इंग्रज त्याला 'चॅनल टनेल' म्हणतात. फ्रेंचमध्ये तो 'बाहीखालचा बोगदा'.

किनाऱ्यावर उतरलो तर पायाखाली खडूचे गोटे. लाटांनी घासून गुळगुळीत केलेले, ओले असताना साबणासारखे. कड्यावरून ढासळलेले महायुद्धाच्या काळातले काँक्रीटचे मोठे तुकडे वाळूत रुतून पडलेत. नातवानं एक गोटा उचलून काँक्रीटवर ओढला. पांढरी रेघ उमटली. त्यानं गोटा माझ्या हातात दिला.

"आजी, तुझी आई काढायची तशी काढ."

मी गुडघे टेकले. वरती मुंढ्याची गोलाई काढली, पुढच्या बाजूनं जरा खोल. मग दोन्ही अंगांनी खाली येत गेले, निमुळतं करत. मधे फ्रान्सच्या बाजूला छोटी चुणी. मनगटापाशी दोन्ही रेघा जवळ आणून थांबले. हात अजून विसरला नव्हता. एका अंगाला मी 'डोव्हर' लिहिलं, दुसऱ्या अंगाला त्यानं कॅले लिहिलं, फ्रेंचमध्ये.

तो मागे सरकून बघत राहिला. भरतीचं पाणी आमच्या चपलांपर्यंत आलं होतं आणि भाची वरून हाका मारत होती.

"यात हात कुठाय?" त्यानं विचारलं.

मी काही बोलायच्या आत त्यानं गोटा परत घेतला आणि मनगटाच्या उघड्या तोंडाशी, उत्तर समुद्राच्या बाजूला, पाच बोटं काढली.